चिनी भाषांशी गाठ पडणार आहे? मग या चुका टाळा

‘हे माहितीपत्रक चिनीत करून द्या, शुक्रवारपर्यंत.’ भाषांतराचं काम करणाऱ्यांना असा निरोप नेहमी येतो. ‘कुठल्या चिनीत?’ असं विचारलं की पलीकडे शांतता. शांघायचा घाऊक व्यापारी, तैपेईचा इंजिनिअर आणि हाँगकाँगचं गिऱ्हाईक या तिघांसाठी तीन वेगळे मजकूर लागू शकतात, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. बाकीच्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात.

‘बोली’ या शब्दावर विसंबणं

चीन सरकारच्या लेखी हान लोकांची, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजाची, भाषा एकच, आणि उरलेल्या तिच्या बोली. हे ऐकून आपल्याला वाटतं, असेल पुणेरी आणि वऱ्हाडीइतका फरक. तसं नाही. बीजिंगच्या माणसाला हाँगकाँगची कँटोनीज शिकल्याशिवाय समजत नाही, मराठी माणसाला बंगाली समजत नाही तशीच. 1987 मध्ये निघालेल्या चीनच्या भाषानकाशात या भाषांचे दहा गट केले आहेत: मँडरिन (चीनची प्रमाण भाषा यातली), वू (शांघायची भाषा यातली), युए (कँटोनीज यातली), मिन, हक्का, गान, शियांग वगैरे. वू आणि युए बोलणारे प्रत्येकी सात-आठ कोटींच्या घरात आहेत, म्हणजे जवळपास आपल्या मराठीइतके. इतक्या लोकांच्या भाषेला बोली म्हणायचं की भाषा, हा मला राजकारणाचा प्रश्न वाटतो, व्याकरणाचा नाही.

गटाचं नाव कळलं म्हणजे काम झालं, असंही समजू नका. फुजियान प्रांतातल्या फुचौ आणि श्यामेन या दोन्ही शहरांची भाषा ‘मिन’च म्हणवते, पण आपापल्या भाषेत बोलणाऱ्या दोघांना एकमेकांचं कळत नाही. डोंगराळ प्रदेश, खोऱ्याखोऱ्यात वेगळी पडलेली वस्ती, त्यामुळे हे होतं. उलट ईशान्येच्या हार्बिनपासून नैऋत्येच्या कुनमिंगपर्यंत, तीन हजार किलोमीटरच्या पट्ट्यात मँडरिनचेच प्रकार चालतात आणि थोडे कष्ट घेतले तर लोक एकमेकांना समजून घेतात. त्यामुळे ‘चीनमध्ये गावोगावी भाषा बदलते’ हे सरसकट विधानही चूकच.

मग मँडरिन शिकून उपयोग काय, असं म्हणणं

उपयोग भरपूर आहे. 1956 पासून सरकारने प्रमाण मँडरिनचा शाळांतून नेटाने प्रसार केला, आणि आज देशातले सुमारे 80 टक्के लोक ती वापरू शकतात. ग्वांगडोंग हा कँटोनीजचा प्रांत, पण त्यातलं शेनचेन हे बाहेरून आलेल्यांचं शहर असल्याने तिथे मँडरिनच जास्त चालते. सिंगापूरमध्येही 1979 च्या सरकारी मोहिमेनंतर चिनी कुटुंबांतून होक्कियन, तिओच्यू या मिन गटातल्या भाषा मागे पडत गेल्या आणि मँडरिन आली. अडचण प्रामुख्याने म्हाताऱ्या माणसांशी बोलताना आणि हाँगकाँगमध्ये येते.

लिपी एकच, म्हणून मजकूरही एकच चालेल असं धरणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण ती छापून येते. मुख्य भूमी आणि सिंगापूरमध्ये सरलीकृत अक्षरं आहेत, तैवान आणि हाँगकाँगमध्ये पारंपरिक. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबून एकातून दुसरीत नेता येतं खरं, पण सरलीकरण करताना काही जोड्या एकत्र केल्या गेल्या. सरलीकृत लिपीत ‘चेहरा’ आणि ‘नूडल्स’ यांना एकच अक्षर आहे, पारंपरिकमध्ये दोन. ‘केस’ आणि ‘पाठवणे’ यांचंही तसंच. आंधळेपणाने बदललेल्या नूडल्सच्या पाकिटावर तैवानच्या गिऱ्हाइकाला चेहरा वाचायला मिळू शकतो. शब्दही बदलतात: टॅक्सीला बीजिंग, तैपेई आणि हाँगकाँग इथे तीन वेगळे शब्द आहेत. म्हणून रूपांतर झालं की त्याच ठिकाणच्या माणसाकडून एकदा वाचून घ्या.

‘बोलतात वेगळं, लिहितात सारखं’ हे वाक्यही अर्धंच खरं आहे. हाँगकाँगची औपचारिक पत्रं प्रमाण लेखी चिनीत असतात, ती फक्त कँटोनीज उच्चारांत वाचली जातात. मित्रांचे मेसेज आणि कित्येक जाहिराती मात्र थेट कँटोनीजमध्ये, तिच्या खास अक्षरांसह लिहिलेल्या असतात. त्या वाचताना बीजिंगचा माणूस जागोजागी अडतो. किर्गिझस्तान-कझाकस्तानातले दुंगान लोक तर मँडरिनच्या घरातलीच भाषा रशियन वळणाच्या सिरिलिक लिपीत लिहितात.

बाजारात आकडे कानावर सोडणं

यीवूच्या घाऊक बाजारात किंवा ग्वांगचौच्या कँटन फेअरला जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं. प्रमाण मँडरिनमध्ये चार म्हणजे ‘स्स’ आणि दहा म्हणजे ‘श्श’, पहिला उतरत्या सुरात, दुसरा चढत्या. दक्षिणेकडच्या अनेकांच्या तोंडी ‘श’चा ‘स’ होतो. चौदा म्हणजे ‘दहा-चार’ आणि चाळीस म्हणजे ‘चार-दहा’, मग या दोघांत फक्त सुरांचा क्रम उरतो, आणि गोंगाटात तो कुणाला ऐकू येतो? ‘विकत घेणे’ आणि ‘विकणे’ हे दोन्ही ‘माय’, एक खालच्या सुरात, एक उतरत्या. तिथले दुकानदार परक्या गिऱ्हाइकासमोर कॅल्क्युलेटर सरकवतात तो याचसाठी. त्यावरचा आकडा बघा, मान डोलवू नका.

बोटांवरही जाऊ नका. अंगठा आणि तर्जनी ताठ, बाकीची बोटं मिटलेली, म्हणजे आपल्याला दोन वाटतात. तिथे ते आठ आहेत. अंगठा आणि करंगळी बाहेर काढली की सहा. काही खुणा प्रांताप्रांतानुसारही बदलतात.

रोमन स्पेलिंग इंग्रजीसारखं वाचणं

पिनयिन ही 1958 पासूनची रोमन लेखनपद्धत. ती इंग्रजीच्या वाटेने वाचली की घोळ होतो. मराठी कान उलट जास्त कामाला येतात. मँडरिनमध्ये आपले ब-द-ग नाहीत. पिनयिनमधला ‘बी’ आपल्या ‘प’जवळ जातो आणि ‘पी’ म्हणजे ओठ मिटून काढलेला, ‘फळ’मधला जुना ‘फ’. तसेच ‘डी’ आणि ‘टी’ म्हणजे त-थ, ‘जी’ आणि ‘के’ म्हणजे क-ख. ‘जे’ हा ‘चंद्र’मधला च, ‘क्यू’ हा छ, आणि ‘झेड’ चक्क ‘चूल’मधला च. इंग्रजांना हे दोन च वेगळे काढायला महिने लागतात, आपल्याला ते घरचेच आहेत. या हिशेबाने बीजिंग हे खरं तर ‘पेइचिंग’ आहे. या लेखात मी सवयीची रूपं ठेवली आहेत. गंमत म्हणजे शांघायच्या वू भाषेत ब-द-गसारखे घोष आवाज अजून टिकून आहेत, त्यामुळे मँडरिनचा नियम तिथे लावू नका.

चीनमधलं सगळंच चिनी मानणं

चीनच्या नोटेवर पिनयिनखेरीज मंगोलियन, तिबेटी, उइघुर आणि च्वांग या भाषांतही मजकूर असतो. यांतली एकही चिनी भाषांपैकी नाही. उइघुर तर तुर्कीच्या नात्यातली. आणि आपल्या गाड्यांवरच्या ‘हक्का नूडल्स’मधला हक्का हा मसाला नसून वर आलेला भाषागट आणि समाज आहे. कोलकात्याच्या टांगऱ्यात चामड्याचा धंदा करणारे चिनी प्रामुख्याने हक्काच होते.

आडनावं ‘दुरुस्त’ करणं

मँडरिनमधलं चेन हे आडनाव कँटोनीजमध्ये चॅन होतं आणि होक्कियनमध्ये टॅन. लिहिण्याचं अक्षर एकच. ‘एनजी’ असं नुसतं दोन अक्षरांचं आडनाव कँटोनीज घरात बहुधा मँडरिनचं ‘वू’ असतं, तर तिओच्यू घरात ‘ह्वांग’ असू शकतं. सिंगापूरच्या टॅनसाहेबांना पत्रावर चेन लिहिणारे हौशी जाणकार भेटतात. तो शहाणपणा नको. पासपोर्टवर किंवा व्हिजिटिंग कार्डवर जे स्पेलिंग आहे तेच उतरवा. आडनाव आधी येतं, तेव्हा ‘मिस्टर’च्या पुढे पहिला शब्द घ्या, पण डेव्हिड किंवा ग्रेससारखं इंग्रजी नाव पुढे असेल तर आडनाव त्याच्या मागे येतं. शंका वाटली तर विचारा, त्यात कुणाला राग येत नाही.