पेट्रोल मॉडेल विमानाचा प्रोपेलर आणि इंजिनाचे बोल्ट पक्के कसे बसवावेत

22 इंची लाकडी प्रोपेलर मिनिटाला 7,000 फेरे घेऊ लागला की पात्याचं टोक ताशी 700 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने फिरत असतं. म्हणून बोल्ट नुसता आवळून भागत नाही. कुठला बोल्ट कशामुळे सैल होतो, हे ओळखून त्याचा बंदोबस्त करावा लागतो. इथली मापं 50-55 सीसीच्या एक सिलिंडरच्या इंजिनाची आहेत, ज्याच्या हबला, म्हणजे शाफ्टवरच्या ज्या चकतीवर प्रोपेलर बसतो तिला, चार एम5 (5 मिमी जाडीचे) बोल्ट लागतात.

कामाला हात घालण्याआधी इग्निशनच्या बॅटरीची पिन काढून ठेवा, स्विचवर विसंबू नका. इग्निशन चालू राहिलं, तर प्रोपेलर हाताने सावकाश फिरवला तरी ठिणगी पडून इंजिन पेटू शकतं.

प्रोपेलर बोल्टांच्या जोरावर फिरतो असा समज असतो, पण त्याला फिरवतं ते घर्षण. चार बोल्ट लाकडाला हबच्या खरखरीत तोंडावर दाबून धरतात आणि ती पकड जोर पोचवते. एक सिलिंडरचं इंजिन धक्क्याधक्क्याने चालतं. स्फोट झाला की हब पुढे रेटला जातो, कॉम्प्रेशन आलं, म्हणजे पिस्टन हवा दाबू लागला, की मागे ओढला जातो. पकड सैल असेल तर दर फेऱ्याला प्रोपेलर बोल्टांवर आपटतो, भोकं लांबट होतात आणि बोल्ट पुढेमागे वाकून शेवटी आट्यांच्या मुळाशी तुटतो.

भोकं. आधी मधलं भोक रीमरने (भोक नेमक्या मापाचं मोठं करणाऱ्या हत्याराने) इंजिनाच्या शाफ्टच्या मापाचं करा. मग त्याच हबसाठीचं ड्रिल जिग, म्हणजे भोकांच्या जागा ठरवून देणारा साचा, बसवा. अंदाजाने, हातातल्या ड्रिलने भोकं पाडू नका. ती तिरकी गेली तर एक पातं पुढे आणि एक मागे फिरतं. प्रोपेलरची मागची बाजू वर ठेवून उभ्या ड्रिल मशीनवर 5 मिमीचं एक भोक पाडा, त्यात बोल्ट घाला, मग समोरासमोरचं दुसरं पाडा. खाली फळीचा तुकडा ठेवला की लाकूड चिरफाळत नाही. भोकांच्या आत वॉर्निशचा पातळ हात द्या, नाहीतर तेल-पेट्रोल लाकडात मुरतं. दोन्ही पात्यांचं वजन सारखं, म्हणजे बॅलन्स, करायचं ते यानंतर: हलक्या पात्याला वॉर्निशचे हात चढवत जा.

बोल्ट. डोक्यावर 12.9 हा ताकदीचा दर्जा कोरलेले एलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेले) घ्या. स्टेनलेस चकचकीत दिसतात, पण साधे स्टेनलेस त्यांच्या जवळपास निम्म्याच ताकदीचे असतात. लांबी मोजून ठरवा: प्रोपेलरचा मधला भाग 24 मिमी, पुढचा गोल वॉशर 5, स्पिनरची (प्रोपेलरच्या मध्यावरच्या टोकदार टोपीची) मागची प्लेट 3 आणि हबमध्ये शिरायला किमान 8, म्हणजे 40 मिमी. बोल्ट हबच्या मागून बाहेर येऊन क्रँककेसला घासत नाही ना, तेही पाहा. हबमधलं भोक आरपार नसेल तर लांब बोल्ट तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतं, प्रोपेलर मात्र ढिलाच राहतो. अशा वेळी पुढचा वॉशर बोटाने हलवून पाहा.

आवळणं. पिस्टनचं कॉम्प्रेशन हाताला लागू लागतं, तेव्हा समोरून बघताना डावं पातं घड्याळातल्या 10 च्या आकड्याकडे असावं. खाली ओढून इंजिन चालू करणं सोपं जातं. चारही बोल्ट आधी हाताने टेकवा. मग समोरासमोरच्या जोडीने, तीन फेऱ्यांत थोडं थोडं आवळा. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) असेल तर इंजिनाच्या पुस्तिकेतला आकडा वापरा. पुढचा वॉशर लाकडात रुतू लागला तर थांबा, लाकूड चिरडतंय.

लाकूड दबतं, म्हणून पहिल्यांदा इंजिन 5-10 मिनिटं चालवल्यावर, पहिल्या उड्डाणानंतर आणि पुढे दर दिवशी पहिल्या उड्डाणाआधी बोल्ट पुन्हा तपासा. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात फुगलेलं लाकूड पावसाळा सरल्यावर आकसतं, तेव्हा तर हमखास. पुन्हा आवळावे लागतात म्हणूनच या बोल्टांना लॉकटाइट, म्हणजे आट्या चिकटवून धरणारा द्रव, लावायचं नाही. वाळलेलं लॉकटाइट आवळताना तुटतं आणि पाना घट्ट लागला तरी दाब वाढलेला नसतो. प्रोपेलर काढल्यावर मागच्या तोंडावर काळपट, चकाकणारं वर्तुळ दिसलं तर तो हबवर घसरलेला आहे. असा प्रोपेलर आणि त्याचे चारही बोल्ट टाकून द्या.

बाकीचं इंजिन. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन ज्या प्लायवूडच्या भिंतीवर बसतं तिच्या, बोल्टांमागे मोठे वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) घाला, म्हणजे प्लायवूड दबत नाही. नायलॉक काढला की नवा लावा. कार्ब्युरेटर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या स्टँडऑफचे (इंजिन फायरवॉलपासून पुढे धरणाऱ्या नळकांड्यांचे), म्हणजे धातूत धातू जाणारे बोल्ट अ‍ॅसिटोनने पुसून निळं लॉकटाइट लावा आणि 24 तास सुकू द्या. कार्ब्युरेटर ढिला झाला तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), फेरे आपोआप वरखाली होतात आणि इंजिन तापतं. तेव्हा कार्ब्युरेटरच्या, पेट्रोल कमीजास्त करणाऱ्या सुया फिरवण्याआधी बोल्ट बघा.

सायलेन्सरची गोष्ट वेगळी. तिथल्या उष्णतेत निळं लॉकटाइट मऊ पडतं, नायलॉन वितळतं आणि साध्या स्प्रिंग वॉशरची ताकद जाते. उष्णता सोसणारं लॉकटाइट 272 किंवा दातेरी वॉशरची जोडी वापरा. सगळ्यात खात्रीचं म्हणजे डोक्याला भोक असलेले बोल्ट आणि त्यांतून ओवलेली स्टीलची तार. तार अशी पिळा की बोल्ट सुटायला लागला तर ती ताणली जाईल. गॅस्केटच्या कडेला काळं तेल ओघळलेलं दिसलं की बोल्ट ढिला झाला म्हणून समजा.

इग्निशनच्या सेन्सरचा स्क्रू एवढासा असतो, म्हणून विसरला जातो. तो सरकला की टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बिघडतं आणि इंजिन उलटा झटका मारतं. एकाच मधल्या नटाचा प्रोपेलर असलेल्या छोट्या इंजिनांत असा एक झटका नट सोडवायला पुरतो. तिथे वर दुसरा लॉकनट हवाच.