जिनिंगच्या पंपाला रिड्यूसर बसवायला निघण्याआधी

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या फाटकाशी लागायच्या आत आगीसाठीची पाण्याची लाइन चालू हवी. आवारात गंज्या लागल्यावर एक ठिणगी पुरते. गेल्या हंगामात माझ्या चुकीने ही लाइन दोन दिवस बंद होती, म्हणून लिहून ठेवतो.

पाने, हॅक्सॉ, टेफ्लॉन टेप घ्यालच.

आमची टाकी जमिनीखाली, सक्शनचा (पाणी ओढणारा) पाइप चार इंची, पंपाचं तोंड तीन इंची. मोठा पाइप लहान तोंडाला जोडणारा तुकडा म्हणजे रिड्यूसर. मी दुकानात नुसतं ‘चार बाय तीन रिड्यूसर’ म्हटलं आणि मिळाला तो चारी अंगांनी सारखा निमुळता, कॉन्सेंट्रिक. आडव्या सक्शनवर त्याच्या वरच्या खांद्यात हवा अडकते. पंप सुरू झाला की घरघर, थोडं पाणी, मग काहीच नाही. आम्ही पाइपाच्या तळाचा फुटव्हॉल्व बदलला, पंपाच्या दांड्याभोवतीची ग्लँडची दोरी बदलली. दोष रिड्यूसरमध्ये होता. सक्शनला एक्सेंट्रिकच मागा, एक बाजू सपाट असलेला. चिठ्ठीवर लिहून न्या, हातात घेऊन बघा. बसवताना सपाट बाजू वर, म्हणजे हवा न अडकता पंपाकडे निघून जाते. पाइप वरून खाली उतरत पंपात येत असेल तर गोष्ट वेगळी, पण आपल्याकडे बहुतेक टाक्या खालीच असतात. डिलिव्हरीला, म्हणजे पाणी बाहेर फेकणाऱ्या बाजूला, कॉन्सेंट्रिक चालतो.

आता मापं. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपचा इंच हा नावाचा इंच आहे. चार इंची जीआय बाहेरून ११४.३ मिमी भरतो, आणि ज्याला सगळे चार इंची म्हणतात तो पीव्हीसी ११० मिमी. तीन इंचीला ८८.९ आणि ९०. डोळ्याला फरक दिसत नाही, सॉकेटला कळतो. कॅलिपर नसेल तर पाइपाला दोरी गुंडाळा, लांबी ३.१४ ने भागा. दोन्ही टोकं मोजा, अंदाजाने बोलू नका. जीआय आणि पीव्हीसी जोडायचे असतील तर आटे असलेला अडॅप्टर लागतो. पीव्हीसी चिकटवायचं सोल्यूशन लोखंडाला धरत नाही.

फ्लँजची (पाइपाच्या टोकाच्या बोल्टवाल्या चकतीची) भोकं मोजल्याशिवाय घरून निघूच नका. तीन इंचीला कुठे चार भोकं असतात, कुठे आठ, आणि चारवाल्यांतही भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा घेर सारखा नसतो. जुन्या फ्लँजचा पुठ्ठ्यावर ठसा काढून न्या. आणि तिथेच परत विचारा: एक्सेंट्रिक आहे ना?

रबराचं पॅकिंग, नटबोल्ट, वायसर दोन-चार जास्तीचे. सक्शनचा पाइप पंपाकडे चढता हवा, मधे कुबड नको. बोल्ट समोरासमोरचे आवळा. पंप पाण्याने भरून मगच चालवा.

वेल्डरने टाका मारायच्या आधी सपाट बाजूवर खडूने ‘वर’ लिहा.