जुन्या चर्चमधल्या वस्तूंची नोंदवही कशी करावी: आधी वही, मग फडकं

आमच्या नागपुरात सणाची तयारी चिंच भिजवण्यापासून सुरू होते. नाताळच्या आधीच्या शनिवारी वेदीवर सेवा करणारी आम्ही पाच-सहा पोरं सॅक्रिस्टीमागच्या, म्हणजे उपासनेचं सामान ठेवायच्या खोलीमागच्या, ओट्यावर बसायचो आणि चिंच-राखेनं पितळी मेणबत्तीदान घासायचो. कोणाचं जास्त चमकतं अशी पैज लागायची. पुढे बऱ्याच वर्षांनी वस्तूंची यादी करायला बसलो तेव्हा त्यातल्याच एका मेणबत्तीदानाच्या पायावर बोट फिरवलं. ‘इन मेम’, म्हणजे लॅटिनमधल्या ‘स्मरणार्थ’चा पहिला तुकडा, एवढीच रोमन अक्षरं हाताला लागली. कोणाच्या स्मरणार्थ, कोणी दिलं, कुठल्या वर्षी, सगळं आम्हीच घासून टाकलेलं. म्हणून सांगतो, आधी नोंद आणि मग झाडलोट. यादी होईपर्यंत चिंच, लिंबू, राख, पॉलिश यातलं काही सॅक्रिस्टीत येऊ देऊ नका.

वेळ नीट निवडा. तीन राजांचा सण ६ जानेवारीला होतो आणि राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येतो. मधले हे काही आठवडे उत्तम. उकाडा नाही, दमट नाही आणि फादरनाही जरा उसंत असते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. मग कुलर लागतात आणि कुलरची ओल थेट कपाटातल्या कापडावर बसते. पावसाळ्यात बुरशीच्या भीतीनं कपाट उघडवत नाही.

परवानगी तोंडी नको, लेखी घ्या. चर्चची पॅरिशच्या, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या, फादरांकडून; कॉन्व्हेंटची, म्हणजे सिस्टरांच्या मठाची, तिथल्या प्रमुख मदर सुपीरियरकडून. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर राहतात त्या भागात बाहेरच्यांना जाता येत नाही. तिथली नोंद त्यांच्यापैकीच कोणी करेल, तुम्ही फक्त कोरा तक्ता द्या. ‘कशाला ही उठाठेव?’ असं कोणी विचारलं तर एक उत्तर तयार ठेवा: कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतलं १२८३ वं कलम. मौल्यवान आणि सांस्कृतिक महत्त्वाच्या वस्तूंची अचूक यादी वर्णन आणि किमतीसह ठेवावी, एक प्रत पॅरिशच्या दप्तरात आणि दुसरी बिशपांच्या कार्यालयात, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. हे ऐकल्यावर चाव्या लवकर सापडतात. आणि नागपुरातल्या सदर भागातलं ऑल सेंट्स कॅथेड्रल कॅथलिक नाही, ते चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचं. परवानगी मागायला भलत्याच दारात जाऊ नका.

सामान साधं आहे: पेन्सिल, जाड वही, कापडी टेप, बॅटरी, भिंग, धुतलेलं सुती कापड आणि मोबाइल. पेन नको, शाईचा एक थेंब झग्यावर पडला की संपलं. माणसं दोन हवीत. एक बघतो आणि मोजतो, दुसरा लिहितो. तिसरी व्यक्ती मिळाली तर सॅक्रिस्टी सांभाळणारे सर्वांत जुने काका किंवा फुलं लावणाऱ्या मावशी. त्यांना खुर्ची द्या, चहा द्या आणि बोलू द्या. ‘काय लिहून राहिला बे? तो पुतळा आधी डावीकडे होता ना,’ हे वाक्य कुठल्याच कागदात सापडत नाही. तेही लिहा, पण समोर ‘सांगण्यावरून’ अशी खूण करा.

आता मुख्य दारापासून सुरुवात करा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरा. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक. तो वस्तूवर लिहायचा नाही, चिकटपट्टीनं चिकटवायचाही नाही. नाडीला पुठ्ठ्याचं लेबल बांधून अडकवायचा. वहीत लिहा: काय आहे, कशाचं आहे, उंची-रुंदी-खोली, कोरलेलं काही, तुटफूट, ठेवल्याची जागा. ‘जुना सुंदर क्रॉस’ अशी नोंद निरुपयोगी. ‘लाकडी क्रूस, धातूची ख्रिस्तमूर्ती, उंची ४२ सेंटिमीटर, डाव्या हाताची दोन बोटं तुटलेली’ अशी नोंद असली तर चोरी झाल्यावर पोलिसांना देता येते. फोटो समोरून, मागून आणि खालून घ्या, शेजारी पट्टी ठेवून. फ्लॅश बंद ठेवा. बॅटरी बाजूनं, अगदी आडवी धरा. झिजलेली अक्षरं सावलीनं उठून दिसतात. ‘इन मेम’ मला असंच वाचता आलं.

पुतळे ओळखण्यात सर्वांत जास्त गफलत होते, आणि नागपुरात ती फ्रान्सिस नावामुळे होते. इथलं कॅथलिक कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च, सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचं आहे. ते जिनिव्हाचे बिशप होते (१५६७–१६२२). पुतळ्यात बिशपांचा पोशाख, टक्कल, भरघोस दाढी, हातात पुस्तक किंवा लेखणी दिसते. ते लेखक आणि पत्रकारांचे आश्रयदाते संत मानले जातात. काळा झगा, त्यावर पांढरा आखूड अंगरखा, गळ्यात पट्टा आणि हातात उंच धरलेला क्रूस असेल तर ते गोव्याचे फ्रान्सिस झेवियर. तपकिरी झगा, कमरेला तीन गाठींची दोरी आणि तळहातांवर जखमा असतील तर असिसीचे फ्रान्सिस. यादीत नुसतं ‘सेंट फ्रान्सिस’ लिहिलंत तर पुढचा माणूस डोकं धरून बसेल. अशीच दुसरी जोडी म्हणजे कडेवर बाळ येशू आणि हातात लिलीचं फूल. दाढीवाले असतील तर योसेफ, बिनदाढीचे तरुण संन्यासी असतील तर पदुआचे अंतोनी. तरी ओळख पटली नाही तर दिसतं तेवढंच लिहा.

पुतळा कशाचा आहे ते टिचकी मारून पाहू नका. टवका उडालेल्या जागी खडूसारखं पांढरं दिसलं तर प्लास्टर, रेषा दिसल्या तर लाकूड. चौथऱ्याच्या मागच्या बाजूला कारखान्याचा शिक्का असू शकतो. आणि सणाच्या तोंडावर ऑइलपेंटचा डबा घेऊन येणाऱ्या भाविकाला प्रेमानं पण दारातच थांबवा. एकदा निळा थर बसला की खालचे मूळ रंग परत मिळवणं तज्ज्ञालाही महागात पडतं.

चांदी-सोन्याच्या भांड्यांना हात लावण्याआधी फादरांना विचारा. मिस्साचा (चर्चमधल्या मुख्य उपासनेचा) प्याला, तबकडी, ऑस्तीचं म्हणजे पवित्र भाकरीचं भांडं, ती भाकरी दर्शनाला ठेवायचं सूर्यकिरणांच्या आकाराचं मॉन्स्ट्रन्स हे सगळं त्यांनीच बाहेर काढून ठेवावं. टॅबरनॅकल, म्हणजे पवित्र भाकरी ठेवायची बंद पेटी, आपण उघडायचंच नाही, बाहेरून मोजायचं. प्याला समोर आला की भिंग घ्या. पायावर एका बाजूला बारीकसा क्रूस कोरलेला सापडेल. प्राशन करण्याची बाजू फादरांना कळावी म्हणून तो असतो. मग वाटीच्या कडेला बाहेरून आणि पायाच्या कडेवर शिक्के शोधा. शिरस्त्राण घातलेल्या स्त्रीचं मुंडकं, म्हणजे मिनर्व्हा ही रोमन देवी, हा १८३८ पासूनचा फ्रेंच चांदीचा शिक्का. त्यात १ आकडा असेल तर हजारात ९५० भाग चांदी, २ असेल तर ८००. चालणारा सिंह दिसला तर इंग्रजी, ९२५. वाटी चांदीची आणि पाय मुलामा दिलेल्या तांब्याचा, असंही बऱ्याचदा असतं, म्हणून दोन्ही भाग वेगवेगळे तपासा. नागपुरात फ्रेंच शिक्का सापडला तर नवल वाटू देऊ नका. फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाचा मिशनरी संघ १८३८ मध्येच आल्प्सच्या पायथ्याच्या आनसी गावात स्थापन झाला, त्याच संघाचे मिशनरी इकडे आले, आणि नागपूरचा धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतला भाग, १८८७ चा.

सगळ्यात जास्त हाल कापडाचे होतात. मिस्साचे जुने जरीचे झगे वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून असतात आणि त्या घडीवरच तुटतात. बाहेर काढताना दोन्ही हात खाली घालून, ताटासारखा उचला. पाठीवर मोठा क्रूस विणलेला असेल तर तेही लिहा, फ्रेंच धाटणीच्या झग्यांवर तो तसा असतो. काळा झगा सापडला तर तो मृतांच्या मिस्साचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) तो क्वचितच बाहेर निघतो, म्हणून बहुधा चांगल्या स्थितीत असतो. परत ठेवताना मांजरपाट आणा, दोन-तीनदा धुऊन त्यातली खळ काढा, कडक उन्हात वाळवा, त्याच्या गुंडाळ्या करून घडीत भरा. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका. धुलाईला तर अजिबात टाकू नका.

बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या या यादीत फक्त ‘किती खंड, कुठल्या वर्षांचे, वाळवी-कसर लागली का’ एवढ्यापुरत्या येतात. आत लोकांची खासगी माहिती असते, तिचे फोटो काढायचे नाहीत. फाटक्या पानाला सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच.

फुटका पुतळा, मोडकी वेदीची जाळी, बंद पडलेला पायपेटीचा ऑर्गन हे ‘भंगार’ म्हणून ढिगात असतात. त्यांनाही क्रमांक द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची शिल्पं, चित्रं, कारागिरीच्या वस्तू पुरावस्तू ठरतात आणि खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. कलात्मक किंवा ऐतिहासिक मोलाच्या वस्तू विकायला चर्चच्या कायद्यानं रोमची परवानगी लागते, आणि संतांचे अवशेष तर विकताच येत नाहीत. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी हे फादरांच्या कानावर घाला.

यादी पूर्ण झाली की दोन प्रती छापा. फोटो पेनड्राइव्हवर ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. चांदी कुठल्या कपाटात आहे हे सगळ्या सदरला कळायला नको. पुढच्या जानेवारीत तीच वही घेऊन त्याच दारापासून पुन्हा फिरा आणि प्रत्येक क्रमांकापुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण करा. आमच्या दुसऱ्या फेरीत एक मेणबत्तीदान कमी भरलं. दोन दिवस शोधाशोध झाली. शेवटी ते ओट्यावर सापडलं, शेजारी चिंचेची वाटी होती.