मुलांच्या थेरपीसाठी होम व्हिजिट करणाऱ्यांनो, ओळखी नीट जोडा

क्लिनिकमध्ये सेशन बिघडलं तर शेजारच्या केबिनमधल्या कुणाला तरी विचारता येतं. होम व्हिजिटला मूल दार लावून आत बसलेलं, आई रडतेय, आजी म्हणतेय लाडाने बिघडलंय, आणि काय करायचं ते आपण एकट्याने ठरवायचं. म्हणून इतर तज्ज्ञांशी ओळखी वाढवणं हा आपल्या कामाचाच भाग आहे असं मी ठामपणे मानते.

१९७४ मध्ये अमेरिकेत टाकोमाला सुरू झालेल्या होमबिल्डर्स या, संकटातल्या कुटुंबांना घरी जाऊन मदत करणाऱ्या कार्यक्रमात एका थेरपिस्टकडे एका वेळी साधारण दोनच फॅमिली असतात. मल्टिसिस्टेमिक थेरपीत (वर्तनाच्या गंभीर समस्या असलेल्या किशोरवयीन मुलांसाठी घरी जाऊन देतात ती) चार ते सहा, पण दर आठवड्याला टीमचं सुपरव्हिजन, म्हणजे सीनियरसोबत केसेसची चर्चा, असतंच. स्वतंत्र प्रॅक्टिसमध्ये हा आधार आपोआप मिळत नाही, तो आपणच उभा करायचा.

आता ज्यात मी स्वतः अडकले ते. पालकांना सायकियाट्रिस्टचा किंवा ओटीचा (ऑक्युपेशनल थेरपिस्टचा) नंबर दिला म्हणजे रेफरल झालं असं वाटतं. नाही होत! पालक फोन करतात, वेटिंग लिस्ट सांगितली जाते, तिथे सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगायची, त्यांना वाटतं आपल्याला टाळलं, आणि ते गप्प बसतात. आपल्याला वाटतं गाडी मार्गी लागली. कळतं तेव्हा मूल आणखी मागे गेलेलं असतं. त्यामुळे आधी पालकांची लेखी संमती घ्या, काय सांगायचं आणि काय नाही ते त्यांच्याशी ठरवा, मग समोरच्याला स्वतः फोन करा, नवीन मुलं घेतायत का ते विचारा, एक पानी समरी पाठवा. अपॉइंटमेंटच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे फोन. आणि ती पहिली भेट होईपर्यंत आपली सेशन्स थांबवू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं.

डॉक्टरांनाही आपली गरज असते बरं का. एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) दिल्या जाणाऱ्या मेथिलफेनिडेट या औषधाने भूक आणि झोप कमी होऊ शकते, आणि ताटात अर्धं जेवण तसंच राहिलंय हे घरी जाणाऱ्यालाच दिसतं. तेवढं दोन ओळींत, पालकांना सांगून, कळवत राहिलात की पुढच्या वेळी तुमचा फोन लगेच उचलला जातो. मला तरी कॉन्फरन्समध्ये कार्ड वाटून असं नातं कधी जुळलेलं दिसलं नाही.

मोठे व्हॉट्सॲप ग्रुप मला पटत नाहीत. मुलाचं नाव गाळलं तरी जुळी भावंडं, शाळा, वडील बाहेरगावी एवढ्यावरून घर ओळखू येतं, तिथे केस टाकूच नका. चार-पाच जणांचा ठरलेल्या वेळी भेटणारा गट बरा, त्यात एक तरी स्पीच थेरपीवाला किंवा ओटीवाला हवा, नाहीतर सगळे एकच उत्तर देतात. आणि स्वतः कधी कुणाच्या घरात बसून सेशन न घेतलेल्या मेंटॉरला पैसे देताना दहादा विचार करा. मूल जीव द्यायचं बोलत असेल तर गटाच्या उत्तराची वाट बघायची नाही, मुलाला एकटं सोडायचं नाही, इमर्जन्सीला कुठे न्यायचं हे पहिल्याच व्हिजिटला पालकांसोबत लिहून ठेवा.

सीनियरला फोन करायची भीती सुरुवातीला सगळ्यांनाच वाटते. "मी या भागात मुलांच्या घरी जाऊन काम करते, तुमच्याकडे कुठल्या वयाची मुलं पाठवू?" एवढं एक वाक्य पुरतं, बहुतेक जण नीट बोलतात.