पोच घेतल्याशिवाय निवेदन देऊ नका: गावातल्या चोऱ्या आणि पंचायतीच्या गैरव्यवहारावर कारवाई कशी मागावी

वावरातली मोटर गेली, केबल कापून नेली, रात्री घाटावरून रेतीचे ट्रॅक्टर निघतात, घरकुलाच्या हप्त्यासाठी कुणीतरी पैसे मागतं. मग गाव चिडतं आणि निवेदन तयार होतं. एकाच कागदावर हे सगळे विषय, वर मुख्यमंत्र्यांपासून ठाणेदारापर्यंत सगळ्यांची नावं. देताना फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. पुढे काहीच हलत नाही, कारण त्यातले सगळे विषय एकाच खात्याचे नसतात आणि प्रत्येक टेबल तो कागद दुसऱ्या टेबलाकडे सरकवू शकतं.

म्हणून पहिलं काम विषय वेगळे करण्याचं. चोरी, मारहाण, धमकी यांचा कागद पोलीस ठाण्यात. रेतीचा तहसीलदाराकडे, प्रत ठाणेदाराला. अवैध दारूचा ठाणेदाराकडे आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे. पंचायतीच्या पैशाचा बीडीओकडे (गटविकास अधिकारी), तिथून जिल्हा परिषदेच्या सीईओकडे (मुख्य कार्यकारी अधिकारी). लाचेचा विषय तर कागदावर उतरवून गावभर फिरवूच नका, त्याची वाट वेगळी आहे, पुढे सांगतो.

प्रत्येक अर्जात तारीख, वेळ, जागा (गट नंबर किंवा घाटाचं नाव), काय घडलं आणि तुम्हाला नेमकं काय हवं, एवढंच लिहा. 'रेती माफियांचा बंदोबस्त करावा' या वाक्यावर कुठलाही अधिकारी काही करू शकत नाही. 'अमुक घाटावर पंचनामा करून उत्खननाचं मोजमाप करावं' यावर त्याला काहीतरी करावंच लागतं, किंवा का केलं नाही ते लिहावं लागतं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. बाबू टाळाटाळ करत असेल तर वाद न घालता तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. साहेबांच्या व्हॉट्सॲपवर टाकलेल्या मेसेजला कोणी आवक क्रमांक देत नाही.

चोरी आणि धमकी

चोर समोर असेल, मारामारी चालू असेल तर आधी 112 लावा. फिर्याद नंतर.

1 जुलै 2024 पासून फिर्यादीचे नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर दिली की नोंद करणं पोलिसांना बंधनकारक आहे, आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. 'हे वावर आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर चालत नाही. हद्द कुठलीही असो, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवायचा असतो. दोन ठाण्यांची हद्द एकाच धुऱ्यावरून जाते अशा गावांनी हे पाठच करून ठेवावं.

आता एक बारीक गोष्ट, जी फार कास्तकारांना माहीत नसते. नव्या कायद्यात 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे पोलीस ती फक्त नोंदवून घेतात, दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. म्हणून 'केबल गेली' एवढं सांगून थांबू नका. किती मीटर तांब्याची केबल, कुठल्या कंपनीची मोटर, किती अश्वशक्तीची, स्टार्टर गेला का, पाइप किती, सगळ्याची खरी किंमत लिहा आणि बिल जोडा. बिल हरवलं असेल तर दुकानदाराकडून प्रत मागा. मोटर घेतल्या दिवशीच तिच्या नंबरच्या पाटीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलेला बरा.

ठाण्यात फिर्याद घेतलीच नाही तर तीच लेखी खबर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. तिथूनही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. गुन्हा नोंदला गेला असेल तर तपास कुठवर आला हे 90 दिवसांत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर तेवढंच विचारणारा एक छोटा अर्ज द्या.

पाच जणांच्या मोटरी गेल्या असतील तर पाच फिर्यादी झाल्या पाहिजेत. सगळ्यांची मिळून एकच तक्रार दिली की कागदोपत्री गावात एकच चोरी झालेली दिसते, आणि मग रात्रीची गस्त मागायला आधार राहत नाही. गस्त मागताना कोणत्या पांदण रस्त्याने वाहनं येतात त्याचा हाताने काढलेला नकाशा जोडा. पोलीस पाटलांनाही लेखी कळवा. 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाप्रमाणे गावातल्या गुन्ह्यांची माहिती वर देणं हे त्यांचं कर्तव्यच आहे.

पंचायतीचा हिशोब

आरोप करण्याआधी कागद पाहा. घरबसल्या सुरुवात करायची तर ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडा. आराखड्यात कोणती कामं धरली आणि कशावर पैसे खर्ची पडले ते दिसतं. ती यादी घेऊन गावातून एक फेरी मारा. नाली कागदावर आहे आणि जमिनीवर नाही, हे कळायला वकील लागत नाही.

पुढे माहितीचा अधिकार, 2005 चा कायदा. साध्या कागदावर अर्ज, त्यावर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही, पुरावा जोडावा लागतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. बहुतेक अर्ज इथेच फसतात, कारण लोक प्रश्न विचारतात: 'सचिवाने हा घोळ का केला?' असल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. कागद मागा: 'अमुक वॉर्डातल्या सिमेंट रस्त्याचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयकाच्या प्रती.' मोजमाप पुस्तिकेतली लांबी-रुंदी आणि टेपने मोजलेली लांबी-रुंदी यांत फरक निघाला की तक्रारीला पाय फुटतात. 30 दिवसांत माहिती आली नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे (विदर्भात नागपूर किंवा अमरावती) दुसरं. तिथे तारीख लागायला वेळ जातो, म्हणून पहिला अर्जच आखूड आणि नेमका हवा.

ग्रामसभेत विषय आयत्या वेळी मांडायला गेलात तर 'वेळेवर येणाऱ्या विषयां'त तो शेवटी येतो, तोवर अर्धं गाव घरी गेलेलं असतं. सभेची नोटीस निघण्याआधी लेखी विषय द्या, पोच घ्या. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांपैकी जो आकडा कमी तो लागतो. महिला ग्रामसभा आधी होते, दारूचा विषय तिथे घेतला तर ठरावाला जोर येतो. आणि कोऱ्या प्रोसिडिंगवर (सभेच्या इतिवृत्तावर) सही करू नका. ठराव वाचून दाखवायला सांगा, लिहिलेल्या पानाचा फोटो घ्या.

कागदावर गैरव्यवहार पक्का दिसत असेल तर सरपंच किंवा सदस्याविरुद्ध ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 खाली विभागीय आयुक्तांकडे तक्रार करता येते. चौकशी जिल्हा परिषदेमार्फत होते, निर्णय आयुक्तांचा.

कुणी पैसे मागितले तर

देऊ नका आणि भांडूही नका. 1064 वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला फोन करा. ते आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी करतात, मग सापळा लावतात. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल तर 7 दिवसांच्या आत कळवलं तरच संरक्षण मिळतं, हे लक्षात ठेवा. दाखला नुसता अडवून ठेवला असेल, पैसे मागितले नसतील, तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करा. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो.

तालुक्याला दाद लागली नाही तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन, म्हणजे तक्रारी ऐकण्याचा दिवस, असतो. त्याचा अर्ज विहित नमुन्यात आधी द्यावा लागतो, नुसतं जाऊन उभं राहून चालत नाही.

रेती आणि दारूच्या प्रकरणात एकट्याचं नाव पुढे करू नका. ठराव ग्रामसभेचा, अर्जावर जमतील तेवढ्या सह्या. रात्री ट्रॅक्टर अडवायला पोरांना पाठवू नका. लांबून फोटो, वेळ, वाहन क्रमांक, आणि लगेच 112.

हे सगळं करूनही हललं नाही तर मग धरणं. त्याची लेखी सूचना ठाणेदार आणि तहसीलदारांना आधी द्या, मागणीत जुन्या अर्जांचे आवक क्रमांक लिहा. जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते ठाण्यात विचारून घ्या. जिल्ह्यात तो अनेकदा लागू असतो. रास्ता रोको शक्यतो टाळाच. रेतीवाला घरी झोपलेला असतो आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांवर गुन्हे दाखल होतात, चारित्र्य पडताळणीच्या वेळी ते समोर येतात. ग्रामपंचायत किंवा तहसील कार्यालयासमोर, वाहतूक न अडवता, परवानगी घेऊन बसा.