घाम बघा, पारा नंतर: ऊन-थंडीतल्या या चुका टाळा

आखातातल्या साइटवर उन्हाळे आणि कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात हिवाळे, असं माझं सेफ्टीचं काम चालत आलं. देश बदलले, माणसं बदलली, चुका मात्र त्याच राहिल्या. बहुतेक चुकांचं मूळही एकच. माणसं पारा किती चढला किंवा उतरला ते बघतात, अंगावरच्या घामाकडे बघत नाहीत.

‘आम्हाला उन्हाची सवय आहे’

या वाक्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

कतारच्या किनाऱ्यावरची साइट, ऑगस्ट महिना. यवतमाळकडचा एक तरुण फिटर नवीन रुजू झाला होता. सकाळच्या सूचना सुरू असतानाच तो म्हणाला, “साहेब, आमच्याकडे सत्तेचाळीस असतं, मला ऊन नका शिकवू.” पारा चाळिशीच्या जरा वर होता, म्हणजे त्याच्या हिशेबाने कमीच. पण विदर्भातलं ऊन कोरडं असतं. तिथे घाम आला की वाळतो, आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. किनाऱ्यावरची हवा आधीच ओली असते. तिथे घाम नुसता टपकतो आणि टपकलेला घाम अंग गार करत नाही. फोरमनवर छाप पाडायची म्हणून हा पोरगा पहिल्याच दिवशी सावलीच्या सुट्ट्या चुकवत राहिला. दुपारची काम-बंदी सुरू व्हायच्या आधीच त्याचं बिनसलं. मागितला पाना, त्याने दिला हातोडा. “कॅम्प कुठल्या बाजूला?” असं विचारलं तर त्याने समुद्राकडे बोट दाखवलं आणि तिथेच कोसळला.

लोक त्याला उचलून पिकअपमध्ये घालायला धावले, एसी क्लिनिकमध्ये न्यायचं म्हणून. मी गाडी थांबवली. ताडपत्री पसरली, चौघांनी कोपरे उचलून धरले, त्याला मधोमध ठेवून पिण्याच्या पाण्याचे बर्फाळ कॅन त्याच्यावर रिकामे केले आणि हातांनी पाणी हलवत ठेवलं. काही वेळाने तो आम्हालाच शिव्या देऊ लागला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग अ‍ॅम्ब्युलन्स. पोरगा वाचला.

त्यावेळी त्याचं अंग घामाने निथळत होतं, हे मुद्दाम सांगतो. “अंग कोरडं पडलं तरच उष्माघात” ही समजूत जीव घेते. कष्टाचं काम करताना उष्माघात झालेला माणूस घामाने भिजलेला असू शकतो. खरी खूण डोक्यात असते. बरळणं, भलतीच उत्तरं देणं, तोल जाणं दिसलं की 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंग गार करत राहा. आधी गार करायचं, मग हलवायचं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. पॅरासिटामॉल इथे उपयोगाची नाही, कारण हा ताप नव्हे. खिशातल्या कांद्याने काहीही होत नाही.

नव्या माणसाची घाई हाच यातला मोठा धोका आहे. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा खात्याच्या नोंदींनुसार कामावर उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे पहिल्याच दिवशी होतात आणि 70 टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यात. शरीराला उन्हाशी जुळवून घ्यायला 7 ते 14 दिवस लागतात. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात 20 टक्केच काम आणि रोज 20 टक्के वाढ, हा नियम मी कुणासाठीही वाकवत नाही. गावी महिनाभर सुट्टी घालवून आलेला जुना कामगारही माझ्या लेखी निम्मा नवाच. त्यालाही निम्म्या कामापासूनच सुरुवात.

हा फक्त आखाताचा प्रश्न नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्याला बसलेल्यांपैकी 14 जणांचा जीव गेला. त्या दिवशी पारा 38 च्या आसपास होता. नागपूरकराला हा आकडा किरकोळ वाटेल, पण कोकणपट्टीच्या दमट हवेत तासन् तास उन्हात बसणाऱ्याला तो पुरेसा असतो.

ओआरएस अंदाजपंचे

एक लिटरचं पाकीट असेल तर ते एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून ढवळणारे मी रोज बघतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. दिवसभर घाम गाळून नुसतं पाणीच ढोसणंही वाईट, रक्तातलं मीठ उतरतं. मी जेवणासोबत मीठ घातलेलं ताक घेतो. मिठाच्या गोळ्या कुणाला देत नाही.

खोली बंद करून कुलर

खिडकी उघडी हवी. ओली हवा बाहेर गेली नाही, तर तासाभरात घरात कोकण होतं. आणि पारा चाळिशीपार गेला की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. अंगावर ओला पंचा घ्या, मग पंख्याखाली बसा.

थंडीत घाम काढणं

आता दुसरं टोक. अल्बर्टात पारा उणे तीसला गेला की नवा आलेला मराठी इंजिनिअर घरात असेल नसेल ते सगळं अंगावर चढवतो आणि आत, अगदी अंगालगत, सुती बनियन. बर्फातून चालत, सामान उचलत अर्धा तास गेला की तो घामाने चिंब. मग काम थांबतं, माणूस उभा राहतो आणि तो घाम गार होतो. अशाच एकाला मी आत बोलावून जॅकेट काढायला लावलं, तर अस्तरावर पांढरा बर्फ धरला होता आणि त्याच्या बोटांना चेन पकडता येत नव्हती. पाणी हवेपेक्षा 25 एक पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. सुती कापड ते पाणी धरून ठेवतं, लोकर भिजली तरी थोडीफार ऊब देते.

माझी सवय सांगतो. बाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं जरा थंडी वाजलीच पाहिजे. वाजली नाही तर कपडे जास्त झालेत. जड काम सुरू करायच्या आधी चेन उघडायची, थांबलो की लगेच लावायची. हे कंटाळवाणं आहे, पण महागड्या जॅकेटला हा शहाणपणा शिवून मिळत नाही.

बुटात दोन घट्ट मोजे घालू नका, रक्त पोचत नाही. बूट एक नंबर मोठा घ्या.

ब्रँडीने ऊब येत नाही. कातडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं आणि आतली उष्णता बाहेर पडते.

बधिर, पांढरी पडलेली बोटं बर्फाने चोळू नका, कशानेच चोळू नका. पुन्हा गोठणार नाहीत अशा जागी पोचल्यावरच कोमट पाण्यात धरा.

बंद खोलीत शेगडी

जानेवारी 2020 मध्ये नेपाळच्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक एकाच खोलीत दगावले. खोली बंद होती आणि आत गॅस हीटर. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासची वीज गेली, तेव्हा लोकांनी गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून ऊब घेतली, घरात जनरेटर लावले आणि काहींचे थंडीआधी विषारी वायूनेच जीव गेले. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतल्या माणसाला जाग येत नाही. लेहमध्ये जानेवारीत जाणाऱ्यांनो, झोपण्यापूर्वी बुखारी, म्हणजे खोलीतली शेगडी, विझवा, जाड रजई मागून घ्या. हा वायू साचला की वाजणारा, बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म माझ्या बॅगेत कायम असतो. घरी बंद बाथरूममध्ये गॅस गिझर वापरणाऱ्यांनाही हेच लागू.

फोनवर ‘जेवलीस का?’ एवढंच विचारणं

ऑगस्ट 2003 च्या उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये 15 हजारांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक म्हातारी, कित्येक घरात एकटीच. आपल्याकडे मुलं परदेशी आणि आई-बाबा नागपूर-अकोल्यात गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये, अशी घरं भरपूर आहेत. वयाबरोबर तहान कळेनाशी होते, घामही कमी येतो. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांनी लघवी वाढून पाणी आणखी घटतं, म्हणून मार्चमध्येच डॉक्टरांना विचारून घ्या. गोळी मनाने बंद करू नका. आणि फोन दुपारी चारला करा. लघवीला किती वेळा गेलात, रंग गडद आहे का, हे स्पष्ट विचारा, लाजू नका. आज वार कोणता, तेही विचारा. उत्तर चुकलं किंवा जीभ जड वाटली, तर फोन चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून शेजाऱ्यांना वर पाठवा.