डीबी स्पेक्ट्रम+ पुन्हा चालू केला, तो असा

चोपड्याच्या मामांकडे माळ्यावर पडून असलेला डीबी स्पेक्ट्रम+ घरी आणला. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या स्पेक्ट्रम+ या घरगुती संगणकाचा हा भारतीय भाऊ, पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 1988 मध्ये परवाना घेऊन काढलेला. आता सहजासहजी मिळत नाही, म्हणून चालणारा एकही मूळ भाग काढायचा नाही, असं ठरवलं.

सुरू केला तर पडद्यावर नुसते उभे पट्टे. अशा वेळी लगेच रॅमवर संशय घेऊ नका, आधी व्होल्टेज मोजा. खालच्या 16 के (किलोबाइट) रॅमच्या 4116 चिपांना +5, +12 आणि -5 असे तिन्ही व्होल्टेज लागतात. -5 गेला की चिपा जळू शकतात. माझ्याकडे +12 आणि -5 दोन्ही गायब होते. हे व्होल्टेज तयार करणाऱ्या भागातला टीआर4 ट्रान्झिस्टर शॉर्ट निघाला. नवा झेडटीएक्स650 डाग देऊन बसवला, जोडीचा टीआर5 बदलला, आणि आटलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही. जळगावकडचा 45 अंशांचा उन्हाळा माळ्यावरच्या कपॅसिटरना फार छळतो! दोन्ही व्होल्टेज परतले. एक 4116 तेवढी गेलेली होती. ती बदलल्यावर 1982चा कॉपीराइट संदेश स्वच्छ उमटला.

अडॅप्टर मात्र जपून: 9 व्होल्टच्या पिनचा मधला भाग ऋण असतो, नेहमीच्या उलट.

कीबोर्डच्या आतल्या पातळ प्लास्टिकच्या पडद्याची (मेम्ब्रेनची) पट्टी ठिसूळ होऊन तुटली होती. नवा पडदा घातला, जुना कागदात गुंडाळून डब्यात ठेवला. प्रोग्राम असलेल्या कॅसेटी वाजवून वेव्ह (ध्वनी) फायलींत उतरवतोय. कुणाकडे डीबीच्या बोर्डाचे फोटो असतील तर जरूर दाखवा, आवृत्त्या ताडून पाहायच्या आहेत.